‘ग्रेड २’ लिहिलंय, पण दिसतं तर स्वच्छ: बीपी आणि डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या

प्रश्न थोडक्यात असा. वडील ६१ वर्षांचे. बारा वर्षांपासून बीपीच्या गोळ्या चालू आहेत, पण ‘मधूनमधून सोडतात’. चष्म्याचा नंबर काढायला गेले, तेव्हा डॉक्टरांनी थेंब टाकून पडदा तपासला आणि कागदावर ‘हायपरटेन्सिव्ह रेटिनोपॅथी, ग्रेड २’ (म्हणजे बीपीमुळे डोळ्याच्या पडद्यात झालेले बदल) लिहून फिजिशियनकडे जायला सांगितलं. वडील म्हणतात, मला सगळं नीट दिसतंय, डोकंही दुखत नाही, डोळ्यासाठी काही थेंब असतील तर सांगा. मुलीने विचारलंय की हे नेमकं काय झालंय, दृष्टी जाईल का आणि औषध कोणतं.

आधी धास्ती काढून टाकू. एवढ्या बदलाने दृष्टी जात नाही. याच्यावर थेंब नाहीत, डोळ्याची गोळी नाही, लेझर नाही. आणि तरीही फिजिशियनकडे पाठवलं ते अगदी बरोबर केलं. या तीन गोष्टी एकत्र कशा बसतात, ते जरा सविस्तर सांगतो. मी सत्तावीस वर्षं पडद्याचेच रुग्ण तपासतोय आणि हाच संवाद आठवड्यातून दोनदा तरी होतो.

मेंदूकडे जाणाऱ्या मानेतल्या मोठ्या धमनीची एक फांदी डोळ्याकडे वळते. तिची एक बारीक डहाळी डोळ्याच्या नसेत शिरते आणि नसेच्या तोंडाशी, पडद्यावर येऊन चार दिशांना पसरते. (इथे नस म्हणजे पडद्याचा संदेश मेंदूला पोचवणारी वायर. बोलताना आपण तिलाही नस म्हणतो आणि रक्तवाहिनीलाही, आणि अर्धा घोळ तिथेच होतो.) पडद्यावरची मोठ्यातली मोठी धमनीसुद्धा जेमतेम दशांश मिलिमीटर जाडीची. सोबत परतीच्या शिरा असतात, थोड्या जाड आणि गडद. निरोगी डोळ्यात धमनी आणि शीर यांच्या जाडीचं प्रमाण साधारण २:३ असतं. अंगावर कुठेही न कापता जिवंत रक्तवाहिनी अशी उघडी पाहायला मिळते ती याच जागी. १८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने आपल्या ऑफ्थॅल्मोस्कोपचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि तेव्हापासून डॉक्टरांना ही खिडकी उघडी झाली.

या धमन्यांची एक खासियत आहे. अंगातल्या इतर रक्तवाहिन्यांना आवळायचा-सैल व्हायचा हुकूम मज्जातंतूंकडून येतो. पडद्यातल्या धमन्यांना तशी जोडणीच नाही, त्या आपलं आपण बघतात. गच्चीवरच्या टाकीचं पाणी तळमजल्यावर फार जोरात येतं म्हणून आपण नळाचा कॉक अर्धाच उघडतो ना, तसंच हे. आत येणाऱ्या रक्ताचा दाब वाढला की धमनी स्वतःला आवळून घेते, म्हणजे पुढच्या केसासारख्या बारीक वाहिन्यांवर जोर पडत नाही. पडद्याचं काम बिनबोभाट चालू राहतं, आणि म्हणून माणसाला काहीच जाणवत नाही. तुमच्या वडिलांना ‘नीट दिसतंय’ ते यामुळेच. दाब नाही असा त्याचा अर्थ नव्हे, दाब धमनीने झेललाय.

सुरुवातीची ही आवळण तात्पुरती असते, बीपी खाली आलं की सुटते. पण वर्षानुवर्षं तोच ताण राहिला की भिंतीतला स्नायू जाड होतो, आतलं अस्तर जाड होतं आणि भिंत हळूहळू ताठर होत जाते. हे आम्हाला दिसतं कसं? निरोगी धमनीची भिंत पारदर्शक असते. आम्ही जी लाल रेघ पाहतो ती भिंत नव्हे, आतला रक्ताचा ओघ असतो. भिंत जाड झाली की तिच्यावरून प्रकाश जास्त परावर्तित होतो, लाल रेघेवर पिवळसर चमक येते. तांब्याच्या तारेसारखी दिसते म्हणून तिला ‘कॉपर वायर’ म्हणतात. फारच पुढे गेलं की आतलं रक्त दिसेनासं होऊन पांढरी रेघ उरते, ती ‘सिल्व्हर वायर’.

ग्रेड २ ची खरी खूण मात्र धमनी आणि शीर एकमेकींना ओलांडतात त्या जागी सापडते. तिथे दोघींना मिळून बाहेरचं एकच वेष्टण असतं. थंडीत एका रजईत दोन बहिणी झोपाव्यात तसं. धमनी बहुतेक ठिकाणी वर असते. ती जाड आणि ताठर झाली की खालची शीर चिमटीत सापडते आणि ओलांडणीच्या दोन्ही बाजूंना निमुळती होऊन तुटल्यासारखी दिसते. लंडनच्या मूरफील्ड्स रुग्णालयातल्या मार्कस गन यांनी १८९० च्या दशकात या खुणेचं वर्णन केलं, म्हणून आम्ही अजून ‘गन साइन’च म्हणतो.

ही चिमट दिसायला किरकोळ वाटते. पण मला वडिलांना एकच गोष्ट पटवून द्यायची असती, तर मी हीच पटवली असती. कारण शीर बंद पडते ती नेमकी याच जागी.

माझ्याकडे एक शाळेच्या बाई यायच्या, वय सत्तावन्न. गोळ्या होत्या, पण श्रावणात उपवास सुरू झाले की गोळ्याही बंद, ‘रिकाम्या पोटी कशाला’ म्हणून. एक दिवस वह्या तपासताना उजव्या डोळ्याने ओळीचा खालचा भाग पुसट दिसायला लागला. आठ-दहा दिवस त्यांनी चष्मा पुसण्यात घालवले. तपासलं तर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातली शीर ओलांडणीपाशी बंद पडलेली आणि तिच्या पाठीमागचा सगळा भाग रक्ताच्या ठिपक्यांनी भरलेला. पडद्याच्या मध्यभागी, ज्याने आपण वाचतो तिथे, सूज. मग ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन), मग डोळ्याच्या आत इंजेक्शनं: बेव्हॅसिझुमॅब किंवा रॅनिबिझुमॅब, महिन्याच्या अंतराने, कधी सहा, कधी त्याहून जास्त. होय, डोळ्याच्या आतच, आणि ऐकायला वाटतं तितकी भयंकर नसतात, पण खर्च आणि खेटे भरपूर. बाईंची बरीचशी नजर परत आली. प्रत्येकाची येत नाही. आणि या सगळ्या उपचाराने चिमटीतली शीर मोकळी होत नाही, तिच्यामुळे आलेली सूज तेवढी उतरते.

म्हणजे ग्रेड २ हा आजच्या नजरेवरचा शेरा नाही. गेली काही वर्षं दाब कसा होता त्याची ती नोंद आहे. फिजिशियनसमोर मोजलेलं बीपी त्या क्षणाचं असतं. दवाखान्यात जायच्या आधी दोन दिवस गोळी इमानदारीत घेतली की आकडा चांगलाही येतो. पडद्याला मात्र आधीचे महिने लपवता येत नाहीत. आणि पडद्यातल्या या बारीक धमन्या मेंदूतल्या आणि किडनीतल्या बारीक धमन्यांच्या सख्ख्या नात्यातल्या आहेत. इथे भिंत जाड झालीय, तर तिकडे काय चाललंय हे विचारायलाच हवं. फिजिशियनकडची चिठ्ठी त्यासाठी आहे.

आता या ग्रेडबद्दल थोडं माझं मत. १९३९ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमधल्या कीथ, वॅगनर आणि बार्कर यांनी मुख्यतः पडदा पाहून बीपीच्या रुग्णांचे चार गट पाडले. तेव्हा बीपीवर धड औषधच नव्हतं. तीन वर्षांनी पाहिलं तर पहिल्या गटातले सुमारे ७० टक्के जिवंत होते आणि चौथ्या गटातले फक्त ६ टक्के. डोळ्यात पाहून आयुष्याचा अंदाज येतो, हे तेव्हा सगळ्यांच्या अंगावर आलं. म्हणून ती वर्गवारी आजही आमच्या केसपेपरवर टिकून आहे. पण खरं सांगायचं तर ग्रेड १ आणि २ यांतली सीमारेषा फार पुसट आहे. एकाच डोळ्याला दोन डॉक्टर वेगळा ग्रेड देऊ शकतात. वयानेही धमन्या थोड्या ताठर होतात आणि साठीनंतर ते वेगळं काढणं अवघड असतं. म्हणूनच वाँग आणि मिचेल या नेत्रतज्ज्ञांनी २००४ मध्ये सोपी विभागणी सुचवली: सौम्य, मध्यम आणि घातक. त्यात १ आणि २ दोन्ही ‘सौम्य’मध्ये जातात. तेव्हा पुढच्या वर्षी कुणी ग्रेड १ लिहिला तर पेढे वाटू नका, आणि २ चा २ राहिला तर निराशही होऊ नका. जाड झालेली भिंत सहसा पूर्ववत होत नाही. पुढे सरकू न देणं हेच यश.

२ आणि ३ मधली रेघ मात्र ठळक आहे. आवळून-आवळून धमनी थकली की भिंतीचा बांध फुटतो आणि रक्तातले पदार्थ बाहेर झिरपायला लागतात. पडद्यावर ज्वाळेच्या आकाराचे रक्तस्राव दिसतात. कापसाच्या बोळ्यासारखे पांढरे डाग दिसतात. तो कापूस म्हणजे रक्तपुरवठा तुटल्याने पडद्याच्या तंतूंमधली वाहतूक तुंबून आलेली सूज. पिवळे मेणचट कण साचतात, मध्यभागी साचले तर चांदणीसारखी नक्षी होते. हा ग्रेड ३. त्यात डोळ्याच्या नसेचं तोंड सुजलं की ग्रेड ४. ही वेळ ‘सोमवारी दाखवू’ म्हणायची नसते. त्याच दिवशी दवाखान्यात भरती.

सुरुवातीच्या वर्षांतली एक चूक इथे कबूल करतो. बत्तीस वर्षांचा एक ट्रक चालवणारा मुलगा आला. तक्रार एवढीच की रात्री समोरच्या गाडीचे दिवे फाटतात, चष्मा द्या. थेंब टाकले, पाहिलं तर दोन्ही डोळ्यांत चांदणी आणि नसा सुजलेल्या. मी घाईघाईने चिठ्ठी लिहिली, ‘बीपी तपासून घ्या’, आणि पुढचा रुग्ण आत घेतला. बीपी मी स्वतः मोजलंच नाही. माझ्याकडे यंत्रच नव्हतं. तो खाली जाऊन रसवंतीवर बसला होता. आमच्या कंपाउंडरला तो दिसला म्हणून बरं. त्याला शेजारच्या फिजिशियनकडे हाताला धरून नेलं. बीपी २३०/१४०. दोन्ही किडन्या आधीच बिघडलेल्या होत्या आणि त्याला आयुष्यात कुणी पट्टा बांधलेलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी यंत्र आणलं. तेव्हापासून चष्म्याला आलेल्या माणसाचंही बीपी आमच्याकडे मोजलं जातं. या मुलाची नजर चार-पाच महिन्यांत बरीच सुधारली. चांदणी विरायला सर्वांत जास्त वेळ लागतो. कापसाचे डाग दीड-दोन-तीन महिन्यांत जातात.

इतकं चढलेलं बीपी झटकन उतरवायचीही सोय नाही. पूर्वी जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडायची पद्धत होती आणि एखाद्या ठिकाणी अजून ऐकू येते. आवळून बसलेल्या धमन्यांना त्या दाबाची सवय झालेली असते. तो एकदम काढून घेतला तर रक्त पुढे पोचतच नाही. डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा तुटून कायमचं अंधत्व येऊ शकतं, मेंदूलाही झटका बसू शकतो. म्हणून दवाखान्यात पहिल्या तासात साधारण पाव भागापेक्षा जास्त उतरवत नाहीत आणि पुढचं टप्प्याटप्प्याने. घरी आकडा मोठा दिसला म्हणून तीन गोळ्या एकदम गिळू नयेत, त्याचं कारण हेच.

आता वडील पुढचा प्रश्न विचारतील तो मला माहीत आहे: ‘मागच्या वर्षी डोळ्याचं प्रेशर मोजलं होतं, ते नॉर्मल होतं की!’ डोळ्याचं प्रेशर वेगळं, रक्ताचं वेगळं. डोळ्यात जे पाणी तयार होतं आणि वाहून जातं त्याचा तो दाब. साधारण १० ते २१ च्या दरम्यान असतो आणि तो वाढल्याने काचबिंदूचा धोका वाढतो. बीपी १८० असताना डोळ्याचं प्रेशर १४ असू शकतं. या दोघांची एकच गाठ लक्षात ठेवण्यासारखी आहे: काचबिंदू असलेल्या माणसाचं बीपी रात्री फार खाली गेलं तर डोळ्याच्या नसेला रक्त कमी पडतं. काचबिंदूचे थेंब चालू असतील तर बीपीची गोळी रात्री घ्यायची की सकाळी, हे फिजिशियनला विचारून ठरवा. स्वतः अदलाबदल करू नका.

दुसरा नेहमीचा गैरसमज लाल डोळ्याचा. सकाळी आरशात पाहावं तर डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लालभडक डाग, घरभर घबराट, ‘डोळ्यात रक्त उतरलं’. तो डाग डोळ्यावरच्या पातळ पारदर्शक आवरणाखाली असतो, आठवड्या-दोन आठवड्यांत विरतो, नजरेला धोका नसतो. बीपी मोजून घ्यावं, एवढंच. माझ्या पाहण्यातली गंमत अशी की या निरुपद्रवी डागासाठी लोक रात्री अकरा वाजता दार ठोठावतात आणि एका डोळ्याने दिसेनासं झालं तरी तीन आठवडे थांबतात. खरं तर एका डोळ्यापुढे अचानक काळोख आला, मग तो दहा मिनिटांत गेला तरी, तो पक्षाघाताच्या दर्जाचा इशारा मानायचा. पडद्याची मुख्य धमनी बंद पडली तर हाताशी काही तासच असतात. माकडांवरच्या प्रयोगांत नेत्रतज्ज्ञ सोहन सिंग हायरे यांना सुमारे ९७ मिनिटांपर्यंत पडदा सावरताना दिसला आणि चार तासांनंतर जवळपास सगळं संपलेलं होतं. अशा वेळी चष्म्याच्या दुकानात न जाता थेट मोठ्या रुग्णालयात जायचं.

वडिलांना साखर आहे की नाही ते तुम्ही लिहिलं नाही. असेल तर वरचं सगळं दुप्पट गंभीरपणे घ्या. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात (१९९८) मधुमेह्यांचे दोन गट होते, एकात बीपी सरासरी १५४/८७ आणि दुसऱ्यात १४४/८२. वरच्या आकड्यात फक्त दहाचा फरक. तेवढ्यानेही पडद्याचा आजार पुढे सरकण्याचा धोका ३४ टक्क्यांनी कमी झाला. नुसती साखर सांभाळणाऱ्यांना मी हा आकडा नेहमी ऐकवतो.

घरात कुणी गर्भवती असेल तर तिच्यासाठी एक ओळ: शेवटच्या महिन्यांत बीपी चढून नजर धूसर झाली, डोळ्यापुढे चमकायला लागलं, तर डोळ्यांच्या डॉक्टरच्या आधी बाळंतपणाच्या डॉक्टरकडे. पडद्याखाली पाणी साचतं, ते बाळंतपणानंतर बहुधा आपोआप ओसरतं, पण जिवाचा धोका तेव्हा डोळ्याबाहेर असतो.

तर आता करायचं काय. दंडाला बांधायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको, आणि पट्टा दंडाच्या मापाचा असू द्या. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, चहा-तंबाखू अर्धा तास आधीपासून नाही. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, दोन-दोनदा, आठवडाभर, वहीत लिहून. घरचं सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर ते जास्तच. ती वही घेऊन फिजिशियनकडे जा. क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी), लघवीतलं प्रोटीन, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी ते सांगतीलच. तुम्ही आपणहून सांगायच्या दोन गोष्टी: वडील घोरतात का, आणि गुडघ्यासाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणतात का. या गोळ्यांनी बीपी चढतं आणि किडनीही खराब होते, पण त्या कुणी ‘औषधं’ म्हणून सांगतच नाही. मिठाचं माप जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं धरून.

पडद्याची तपासणी वर्षातून एकदा पुरेशी आहे, साखर असेल तर पडद्याचे डॉक्टर सांगतील तशी. मधल्या काळात रोज सकाळी एकेक डोळा झाकून समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचायचे. दोन्ही डोळे उघडे असले की बिघडलेला डोळा चांगल्याच्या आड लपतो. ओळी वाकड्या दिसल्या, एखादा कोपरा पुसट झाला, की लगेच दाखवायचं.

जाता जाता, त्या तपासणीच्या दिवसाबद्दल. थेंब टाकायच्या आधीच ‘बीपी आहे’ असं सांगा, म्हणजे बाहुली मोठी करणारे साधे ट्रॉपिकामाइडचे थेंब टाकतील. त्यासोबत फेनिलएफ्रिन मिसळलेले थेंबही असतात, त्याने काहींचं बीपी आणखी चढतं. बाहुली चार ते सहा तास मोठी राहते, जवळचं धूसर दिसतं, ऊन सहन होत नाही. वडिलांना दुचाकीवर एकटं पाठवू नका. आणि परवाचा चष्म्याचा नंबर थेंब टाकल्यानंतर काढलेला असेल, तर तो चष्मा करायला टाकण्याआधी बाहुली पूर्ववत असताना एकदा पुन्हा तपासून घ्या.